रोप वाकू नये एवढं पाणी

आम्ही अंबडच्या बाजूला घर घेतलं तेव्हा मोरीत शॉवर बसवायचं ठरलं. ह्यांना आणि मुलीला ताटाएवढा मोठा शॉवर हवा होता. प्लंबर आला त्या दिवशी मी पेटीतून कापडात गुंडाळून ठेवलेला एक लहान शॉवर काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"ताई, हा पाणी वाचवायचा आहे. यातून पाणी कमी येतं. आणि जुना पण झालाय."

मी मान हलवली. मुलगी म्हणाली, "आई, आता आपल्याकडे भरपूर पाणी आहे ना?" मी तिलाही काही सांगितलं नाही. हे मात्र तो शॉवर बघून प्लंबरला म्हणाले, "बसव तोच."

बोलायला लागले की माझे शब्द मागं राहतात. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिता येतं. लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नसतं. म्हणून तो शॉवर ज्यांच्याकडून आला, त्या नानांबद्दल लिहून ठेवते.

नाना आमचे घरमालक. मखमलाबादच्या बाजूला त्यांची फुलशेती होती. मी लग्न होऊन पेठहून नाशकात आले तोवर बरीचशी जमीन इमारतींखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यात त्यांचं एकमजली घर, विहीर, मागं भाड्याच्या खोल्या आणि फुलांचे वाफे होते. त्यातल्या एका खोलीत आम्ही राहायचो. चारी बाजूंनी बाल्कन्या आणि त्यांच्या मधे शेवंती, झेंडू, गुलाब.

नाना उंच आणि वाळके. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात झारी. झारी साधी पत्र्याची होती, पण तिचं तोंड त्यांनी स्वतः तांब्याच्या पत्र्याला सुईनं भोकं पाडून केलं होतं. रोपांना पाणी घालताना ते झारीचं तोंड वर आभाळाकडं करायचे. पाणी आधी वर जायचं, तिथं त्याचा जोर संपायचा आणि मग ते खाली यायचं. "पाण्याचा राग वरच काढून टाकायचा," ते म्हणायचे. "खाली येईतो ते शहाणं झालं पायजे."

पाणी गार की गरम, जोराचं की हलकं, हे ते हाताच्या मागच्या बाजूनं बघायचे. तळवा त्यांना पटायचा नाही. "ह्यो राबून मेलाय. मागचं कातडं अजून जित्तं हाय."

त्यांचा कान सतत पाण्याकडं असायचा. मागच्या खोल्यांत कोणाचा नळ जरा जास्त वेळ चालू राहिला की बाहेरून आवाज यायचा, "कोण निघालं गावाला?" पहिल्यांदा मला वाटलं खरंच कोणी गावाला निघालंय. मग शेजारणीनं सांगितलं, नळ बंद कर, तुलाच म्हणतायत. समोरच्या इमारतीतला एक माणूस पाइप लावून गाडी धुवायचा. नाना कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे, नुसते बघायचे. तो एकदा वैतागून म्हणाला, "नाना, धरण भरलंय यंदा." नाना म्हणाले, "धरण भरलं म्हणून तुझा पाइप रडलाच पायजे का?"

मोऱ्यांचं सगळं पाणी पाटानं शेवंतीच्या वाफ्यात जायचं. म्हणून आम्हाला कपड्यांची पावडर वापरायला बंदी. भांड्यांना राख, अंगाला डाळीचं पीठ. एका बिऱ्हाडानं गुपचूप पावडर वापरली, तर नाना वाफ्यावरचा फेस हातात घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. ते बिऱ्हाड पुढं सोडून गेलं. आम्हाला काही वाटलं नाही. माहेरी उन्हाळ्यात डोंगर चढून झऱ्यावरून हंडे आणलेले, त्यामुळे पाणी जपणारा माणूस मला वेडा वाटला नाही. पण मी नानांशी कधी बोलले नाही. ते समोर आले की पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं. काही सांगायचं असलं तर ह्यांच्याकरवी, नाहीतर माईंकरवी. माझ्या बोलण्यात पेठकडचे शब्द यायचे. नळावर बायका एकदा हसल्या होत्या, तेव्हापासून तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा व्हायचा.

माई म्हणजे नानांची बायको. बुटक्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. केस गुडघ्याला टेकतील एवढे लांब. सकाळी फुलं तोडली की बाजारात जायच्या आधी पाटीतली चार शेवंतीची फुलं त्या केसांत खोवायच्या, आणि नाना रोज म्हणायचे, "ती चार विकली असती." माई म्हणायच्या, "मग मलाच पाटीत घालून न्या."

एकदा आम्ही सगळे त्यांच्या नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयात हात धुवायच्या जागी लोक नळ अर्धवट सोडून जात होते. नाना जेवता जेवता पानावरून उठले आणि तिथं जाऊन उभे राहिले. येईल त्याचे हात धुवून झाले की नळ बंद करायचे. मुलीकडची मंडळी बोलवायला आली, मुलाकडची आली, पण नाना हलले नाहीत. लोकांना वाटलं कार्यालयाचाच माणूस आहे. एकानं त्यांच्याकडं हात पुसायला कागद मागितला. माई माझ्या शेजारी जेवत होत्या. म्हणाल्या, "आमच्या माणसाला देवानं हात दिले ते नळ फिरवायला. माझ्या लग्नातबी असाच पाण्याच्या टाकीकडं बघत व्हता. मला वाटलं लाजतोय."

त्या माईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा घशातून फक्त "हं" निघायचं. त्यांचा मुलगा, भाऊ, गंगापूर रोडला राहायचा. त्यानं आंघोळ घालायला एक बाई लावली. ती बाई वाईट नव्हती, घाईची होती. तिनं पहिल्याच दिवशी भरलेला तांब्या डोक्यावर ओतला. माईंना तोंड नीट मिटता येत नव्हतं. पाणी नाकातोंडात गेलं आणि त्या गुदमरल्या. डोळे पांढरे झाले. कशाबशा सावरल्या, पण तेव्हापासून तांब्या नुसता दिसला तरी सगळं अंग ताठ करायच्या आणि डाव्या हाताला लागेल ते ओढायच्या. ती बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

मग भाऊनं ह्यांना विचारलं आणि मी जाऊ लागले. ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायचे. पण केसांचं काय करायचं? डोक्यावर पाणी म्हटलं की त्यांचा श्वास अडकायचा. भाऊनं मोरीत खुर्ची ठेवली, भिंतीला स्टीलची दांडी लावली आणि मोठा शॉवर बसवला. तो सोडला तेव्हा माईंच्या घशातून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायला नको.

केसांत गुंता झाला, मग जटा झाल्या, डोक्याला वास यायला लागला. डॉक्टर म्हणाले, खाली कातडी खराब होईल. सूनबाई म्हणाल्या, "केस कापून टाकू. रविवारी पार्लरवाली येईल घरी." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण हे माईंच्या समोर बोलणं झालं. त्यांनी डाव्या हातानं वेणी पुढं ओढली, मुठीत धरली आणि नानांकडं बघितलं. नाना दारात झारी घेऊन उभे होते. ते तसेच वाफ्यांकडं निघून गेले. सूनबाई म्हणाल्या, "बघा, यांना झाडांचं पडलंय."

दुसऱ्या दिवशी नानांनी ह्यांना गाडी काढायला लावली. झेंडूची नुकतीच दोन पानांवर आलेली रोपं असतात, धाग्यासारख्या देठाची, तसल्या रोपांचा खोका मांडीवर घेऊन ते मागं बसले. रविवार कारंजाच्या बाजूला नळांची दुकानं आहेत, तिथं गेले. पुढचं मला ह्यांनी सांगितलं.

दुकानदार म्हणाला, "नाना, शॉवर घ्यायला आलात का रोपं विकायला?"

"तू शॉवर लाव आन् पाणी सोड. मी नाय बघणार, ही बघतील," म्हणून नानांनी खोका नळाखाली धरला.

दुकानदारानं एक मोठा लावला. "हा घ्या, अंगावर धबधबा." रोपं आडवी झाली.

"ह्यो म्हशी धुवायला ठेव."

मग दुसऱ्या दुकानात, मग तिसऱ्या. ह्यांना लाज वाटायला लागली, लोक जमून बघत होते. शेवटी एकानं आतून एक लहान शॉवर आणला. "हा पाणी वाचवणारा. यात पाण्याबरोबर हवा मिसळते, पाणी निम्मं लागतं. पण नाना, म्हातारी माणसं परत आणून देतात. आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही म्हणतात."

"हवा आमच्याकडं फुकट हाय. सोड."

त्या पाण्याखाली रोपं नुसती थरथरली आणि उभी राहिली. नानांनी हाताची मागची बाजू पाण्याखाली धरली. मग म्हणाले, "बांध."

येताना गाडीवर ह्यांनी विचारलं, "नाना, पाणी वाचवायला घेतला का?" नाना म्हणाले, "रोपाला नाक नसतंय, पर मान असती. त्याची मान वाकली नाय, म्हंजी हिलाबी चालंल."

घरी मात्र त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. भाऊनं मोरीत मोठ्याच्या जागी हा लहान शॉवर बघितला आणि त्याचा तोल गेला. "आईच्या आंघोळीत पण तुमची काटकसर? निदान तिला तरी पोटभर पाणी द्या."

नाना म्हणाले, "शेवंतीला कमी पडतंय."

भाऊ पाय आपटत गेला. मी माईंच्या पायांपाशी बसले होते. मला सगळं माहीत होतं, पण मी पदर पुढं ओढला.

आणि पहिल्या दिवशी तो शॉवर फसलाच. मोरीत गॅसचा गिझर होता. पाणी जोरात गेलं तरच तो पेटायचा. या शॉवरमधून पाणी बारीक, म्हणून गिझर पेटलाच नाही आणि माईंच्या खांद्यावर थंडगार पाणी आलं. त्या कुडकुडायला लागल्या. मी त्यांना चादरीत गुंडाळून बाहेर आणलं. भाऊ म्हणाला, "झालं समाधान?" नाना माईंचे पाय चोळत बसले.

अडगळीत पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब होता, तो नानांनी चिंचेनं घासून काढला. मोरीच्या छपरावर एक पिंप ठेवून त्यातून शॉवरला पाइप जोडला. पण तेवढ्या उंचीवरून पाणी नुसतं ठिबकायला लागलं. मग पिंप घराच्या गच्चीवर, टाकीच्या ओट्यावर चढवलं. विहिरीचं जुनं चाक काढून गच्चीला बांधलं. अंगणात बंब पेटवायचा, कढत पाण्याची बादली चाकावरून वर ओढायची, पिंपात गार पाणी मिसळायचं, हाताच्या मागच्या बाजूनं बघायचं आणि वरूनच नळाची चावी सोडायची. हे सगळं एवढ्या वयाचा माणूस एकटा करायचा. शेजारपाजारचे बाल्कनीतून बघून हसायचे. "नानांनी गॅससुद्धा वाचवायला काढला."

रविवार आला. पार्लरवाली कात्रीची पिशवी घेऊन ओसरीवर बसली होती. सूनबाई म्हणाल्या, "आजच्या दिवस तुमचं करून बघा, मग ती कापेल." मी माईंना खुर्चीवर बसवलं. मोरीच्या झरोक्यातून वरून नानांचा आवाज आला.

"सोडतो. थोडंच सोडतो. आलं का गं?"

दोन-चार थेंब माईंच्या पायांवर आले. मी खुर्ची तशीच लावली होती, आधी पाय. माईंनी दांडी घट्ट धरली. पाणी कोमट होतं. त्यांनी वाट बघितली, मग डाव्या हातातली बांगडी दांडीवर एकदा वाजवली. टण. वरून चावी आणखी फिरली. मी खुर्ची हळूहळू पुढं सरकवली, गुडघे, मांड्या, छाती. माईंचा श्वास जोरात चालला होता. डोक्यावर पाणी आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी कपाळावर हात आडवा धरला होता, पण त्याची गरज लागली नाही. पाणी केसांत शिरलं, खाली उतरलं, तोंडावर आलंच नाही. मुठीत धरलेली वेणी त्यांनी सोडून दिली.

शिकेकाईचं पाणी मी तिथंच लावलं. पाटातून काळपट पाणी शेवंतीकडं गेलं. बाहेर आणल्यावर पार्लरवालीनं केसांत हात घालून बघितलं आणि म्हणाली, "आलेच आहे तर गुंता काढून देते. हे कशाला कापायचे?" ती बराच वेळ बसली. सूनबाई आरसा घेऊन आल्या आणि त्यांनीच तो माईंसमोर धरला.

त्यानंतर रोज तसंच चाललं. नाना मोरीत कधी आले नाहीत. बायकांच्या आंघोळीच्या जागी पुरुषानं थांबायचं नाही, ही त्यांची रीत. वरून आवाज यायचा, "आलं का गं?" आणि खालून बांगडी वाजायची. एकदा वाजली की चावी सुटायची, दोनदा वाजली की बंद. मधे साबण लावताना पाणी बंद. एक थेंब जास्त नाही. एखाद्या दिवशी माई मुद्दाम उशिरा वाजवायच्या. वरून आवाज यायचा, "आगं, झोपलीस का काय?" आणि माईंचा अर्धा चेहरा हसायचा. मग त्या वाजवायच्या. मला वाटतं त्या दोघांचं तेवढंच बोलणं उरलं होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

थंडी गेली, उन्हाळा आणि पावसाळाही गेला. शेवंतीला कळ्या लागल्या त्या दिवसांत माई गेल्या. पहाटे नानांनी चहा द्यायला हाक मारली, "हं" आलं नाही.

सकाळी घर माणसांनी भरलं. सटाण्याहून नानांची थोरली बहीण आली, तिला सगळे आक्का म्हणायचे. घरात वडीलधारी तीच. अंगणात चार साड्यांचा आडोसा केला, पाट मांडला. शेवटची आंघोळ तिथं घालायची. आक्कांनी हातात तांब्या घेतला.

"नाना कुठंयत?" भाऊनं विचारलं.

नाना बंबापाशी होते. विस्तव घालत होते. मग बादली चाकाला लावून वर ओढायला लागले. भाऊ खालून म्हणाला, "नाना, खाली या. आज कशाला हे?" नाना म्हणाले, "पाणी तापलंय." लोक एकमेकांकडं बघायला लागले. कोणी म्हणालं, धक्का बसलाय, राहू द्या त्यांना. गच्चीवर पांढरी टोपी इकडून तिकडं होत राहिली.

मी माईंच्या डोक्यापाशी बसले होते. आक्का तांब्या भरून पुढं आल्या. मला पुढं काय होणार ते दिसत होतं. माझ्या तोंडून निघालं, "तांब्या नको."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आक्का म्हणाल्या, "का वं?"

"त्यांना डोक्यावर तांब्या चालत नाय. त्यांना भ्या वाटतं."

"बाई, आता तिले काय भ्या? आणि आंघोळ तांब्यानंच घालतस, रीत शे ती."

मी माईंच्या कपाळावर हात आडवा धरला आणि तसाच ठेवला. तो बाजूला करावा लागला असता, आणि तो कोणी करेना. मग सूनबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि माईंच्या पायांशी वाकल्या. "आत्याबाई, आत मोरीत नेऊ. त्यांचं पाणी तिथं येतं," म्हणाल्या. आक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग तांब्यातलं पाणी त्यांनी तुळशीत ओतलं आणि त्यांनीही हात लावला.

मोरी जुन्या घराची, मोठी होती. आम्ही चौघींनी माईंना पाटांवर निजवलं. केस मोकळे केले, ते फरशीवर दूरपर्यंत पसरले. पाय शॉवरखाली येतील असं मी धरलं. सवयीनंच.

झरोक्यातून आवाज आला.

"सोडतो. आलं का गं?"

दोन-चार थेंब पायांवर पडले. कोमट होते. आक्कांनी तोंडात पदर घातला. सूनबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. वर नाना थांबले होते. उत्तर आल्याशिवाय ते चावी फिरवत नसत, आजही फिरवणार नव्हते. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, या वेळी हळू.

"आलं का गं?"

मी दांडीकडं बघितलं. माझ्या हातात बांगड्या होत्या. पण ती खूण त्यांची होती, मला ती वाजवता येईना. मी झरोक्याकडं तोंड केलं.

"पानी आलं, नाना," मी म्हणाले.

वर काही हललं नाही. मग चावी फिरल्याचा आवाज आला आणि पाणी सुरू झालं. आम्ही माईंना हळूहळू पुढं घेतलं, गुडघे, छाती, मग डोकं. केस धुतले. अंग धुतलं. हिरवी साडी नेसवायला बाहेर काढलं, तरी पाणी चालूच होतं. नानांनी चावी बंद केली नाही. पिंप रिकामं होईपर्यंत पाणी रिकाम्या फरशीवर पडत राहिलं, पाट भरून शेवंतीकडं जात राहिलं, आणि कोणीही त्यांना बंद करा म्हणालं नाही.